हिरवं कार्ड निळं झालं म्हणून ते दुर्मीळ होत नाही

नमस्कार ताई,
आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. शेजारचे आजोबा घर विकून मुलीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी माझ्या मुलाला एक जुना अल्बम आणि भिंतीवरची एक फ्रेम दिली, कारण तो लिटल लीगमध्ये खेळतो आणि त्यांच्याशी तासन् तास बेसबॉलवर बोलायचा. अल्बममध्ये सिगारेटच्या पाकिटातून यायची ती शंभर वर्षांपूर्वीची छोटी कार्डं आहेत, सगळी पानांना चिकटवलेली. फ्रेममध्ये तशीच काही कार्डं आहेत, शिवाय १९६०च्या दशकातली टॉप्स या कंपनीची मोठी कार्डं. ही फ्रेम त्यांच्या दिवाणखान्यात खिडकीसमोर टांगलेली असायची.

गंमत अशी की फ्रेममधल्या एका कार्डाची पार्श्वभूमी निळसर आहे. तेच कार्ड इंटरनेटवर पाहिलं तर हिरवं दिसतं. मुलाने शोधून काढलं की छपाईत एखादा रंग राहून गेलेली कार्डं फार महाग जातात, आणि तेव्हापासून त्याला झोप नाही. उलट अल्बममधल्या एका कार्डाचा हिरवा डागाडागांनी पिवळट झाला आहे आणि दोन कार्डांवर तपकिरी कडा उमटल्या आहेत. तर, आमच्याकडचं निळं कार्ड खरंच दुर्मीळ आहे का? चिकटवलेली कार्डं पाण्यात भिजवून काढावीत का? उडालेला रंग परत आणता येतो का? आणि विकायची झाली तर कशी विकावीत?
— एक बाबा, एडिसन

नमस्कार,

मुलाची झोप उडाली आहे, म्हणून त्याच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून ते निळं कार्ड छपाईत चुकलेलं नाही, उन्हाने उडालेलं आहे. खिडकीसमोरची फ्रेम हा एवढाच पुरावा माझ्या दृष्टीने जवळजवळ पुरेसा आहे. पण माझ्या शब्दावर विसंबू नका. खात्री तुम्हाला घरबसल्या करता येईल आणि ती मुलाने स्वतः करावी असं मला मनापासून वाटतं. तोपर्यंत दोघांनी एक पथ्य पाळा. पाणी, खोडरबर, ओलं फडकं, काहीही त्या कार्डांना लावू नका.

आधी ही कार्डं काय आहेत ते. पाकिटातली छोटी कार्डं म्हणजे बहुधा संग्राहक ज्यांना टी२०६ म्हणतात ती. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात ती सिगारेटच्या पाकिटांत घातली. साधारण ३.७ बाय ६.७ सेंटिमीटरचं जाड कागदाचं कार्ड, पांढरी किनार, खाली तपकिरी शाईत खेळाडूचं नाव आणि संघ, मागे सिगारेटच्या ब्रँडची जाहिरात. न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीने ती छापली, आणि छापली ती क्रोमोलिथोग्राफीने. म्हणजे प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा, एकावर एक. सहसा फिके रंग आधी, गडद नंतर. तुम्ही १० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहिलंत तर खेळाडूच्या गालावर कारागिराने पाडलेले बारीक, अनियमित ठिपके दिसतील. १९६०च्या दशकातली टॉप्सची कार्डं मात्र ऑफसेटवर, फोटोवरून छापलेली. त्यांतले ठिपके एका मापाच्या जाळीत, फुलासारख्या नक्षीत बसलेले असतात.

या दोन्ही तऱ्हांत हिरवा रंग बहुतेक वेळा हिरव्या शाईचा नसतो. पिवळ्यावर निळा बसला की डोळ्याला हिरवा दिसतो. तुमचं कोडं इथेच सुटतं. हिरव्यातला पिवळा मेला तर निळा उरतो, आणि निळा मेला तर पिवळा उरतो. फ्रेममधल्या कार्डाचा पिवळा गेला, अल्बममधल्या कार्डाचा निळा गेला. दोन्हींचं वय एकच, दोन्ही एकाच घरातली, पण त्यांना मारणारे दोघे वेगळे.

पहिला ऊन. शाईचा रंग म्हणजे प्रकाशातला काही भाग शोषणारे रेणू. शोषलेल्या प्रकाशाची ऊर्जा, विशेषतः निळ्या-जांभळ्या बाजूची आणि अतिनील, त्या रेणूंचे बंध तोडते. बंध तुटला की रेणू रंगहीन होतो. सगळ्या शाया सारख्या तग धरत नाहीत. काळी शाई काजळीची म्हणजे कार्बनची, तिला ऊन जवळजवळ काहीच करत नाही. सेंद्रिय रंगांपासून बनवलेले जुने लाल आणि पिवळे सगळ्यांत नाजूक. ऑफसेटच्या काळात निळ्या शाईला थॅलोसायनिनचा आधार मिळाला. हा रंगद्रव्याचा प्रकार १९३५च्या सुमारास बाजारात आला आणि तो उन्हाला फार चिवट आहे. म्हणून टॉप्सचं कार्ड वर्षानुवर्षं उजेडात राहिलं की आधी पिवळा जातो, पाठोपाठ किरमिजी, आणि शेवटी निळ्या-काळ्याचं भूत उरतं. आपल्याकडे सलूनच्या काचेवर लावलेले नटनट्यांचे फोटो निळे पडलेले असतात ना, अगदी तसं. तुमच्या फ्रेममधली टॉप्सची कार्डं पाहा. खेळाडूंचे चेहरे आजाऱ्यासारखे निळसर-राखाडी दिसत असतील. तसे असतील तर सिगारेटच्या कार्डाचं काय झालं याचं उत्तर त्याच काचेमागे आहे.

उजेड किती लागतो याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. संग्रहालयात कागदावरची नाजूक छपाई सहसा ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, म्हणजे मंद उजेडात. भर दुपारच्या थेट उन्हात एक लाख लक्सच्या घरात प्रकाश असतो. प्रकाशाने होणारं नुकसान साठत जातं, त्यामुळे उन्हातला एक तास म्हणजे संग्रहालयातले दोन हजार तास. रोज आठ तास दिवे लावले तरी अडीचशे दिवस झाले. खिडकीची साधी काच अतिनीलचा काही भाग अडवते, पण जो बराचसा भाग ती आत येऊ देते तोच नेमका त्रासाचा. अतिनील अडवणारी खास काच किंवा ॲक्रिलिक लावलं तरी डोळ्याला दिसणारा उजेड आपलं काम करतच राहतो. ही काच बसवली की फ्रेम कुठेही टांगता येते असं दुकानदार सांगतात ते मला मान्य नाही. नुकसान मंदावतं, थांबत नाही.

आता खात्री कशी करायची ते. फ्रेम उलटी करून मागचा पुठ्ठा सावकाश सोडवा आणि कार्डं बाहेर न ओढता आधी कडा पाहा. कार्डाभोवती माउंटचा कागद किंवा कोपऱ्याला धरणारी त्रिकोणी खोबण असेल तर तिच्याखालची पट्टी उजेडापासून झाकलेली राहिली असणार. तिथे हिरवा शिल्लक असेल आणि बाजूलाच निळा असेल, तर प्रश्न संपला. छापखान्यात पिवळा ठसा चुकला असता तर तो कोपऱ्यापुरता बरा उमटला नसता. झाकलेली पट्टी नसेल तर भिंग घ्या आणि निळ्या भागात सर्वांत दाट जागा शोधा, कॉलरच्या सावलीत किंवा टोपीच्या कडेला. उन्हाने पूर्ण नाहीसा होण्याआधी पिवळा तिथे कुठे ना कुठे मळकट, फिका रेंगाळतो. खरोखर ठसा चुकलेल्या कार्डावर पिवळ्याचा कणही नसतो आणि बाकीचे रंग मात्र करकरीत, भरलेले असतात. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. ऊन एका रंगावर थांबत नाही. पिवळा गेला आणि लाल फिकट सॅमनसारखा झाला असेल, किनारीचा कागद पिवळट पडला असेल, तर तो सगळा एकाच उन्हाचा हिशेब आहे.

मुलाला सांगण्यासारखं आणखी एक उदाहरण. १९६९ची टॉप्सची कार्डं घ्या. मिकी मँटल या खेळाडूच्या ५०० नंबरच्या कार्डावर आडनाव सहसा पिवळ्या अक्षरांत असतं, पण छपाईतल्या फरकामुळे काही कार्डांवर ते पांढरं आलं. पांढऱ्या अक्षरांचं कार्ड कितीतरी महाग जातं. आणि पिवळी शाई उन्हाने उडते हे आपण आत्ताच पाहिलं. म्हणजे पांढरी अक्षरं दिसली की पहिला प्रश्न हा पडायला हवा की कार्डावरचा बाकीचा पिवळा कुठे आहे. चेहऱ्याची कांती, गवताचा हिरवा, दोन्हीत पिवळा मिसळलेला असतो. कांती टवटवीत आणि गवत हिरवं असून फक्त अक्षरं पांढरी असतील तर ती छपाई. सगळंच निळं-राखाडी झालं असेल तर ती खिडकी. याच्या उलट, १९८२च्या टॉप्सच्या संचात काळ्या शाईशिवाय छापली गेलेली कार्डं आहेत. उजेड काळ्याला हात लावत नाही, त्यामुळे ती चूक उन्हात तयार करता येत नाही. कोणता रंग नाहीसा झालाय हे पाहिलं की निम्मा निकाल लागतो.

रंगात फरक म्हणजे प्रत्येक वेळी नुकसानच, असंही मात्र नाही. १९६२च्या टॉप्स संचातली ११० ते १९६ या नंबरांची कार्डं वेगळ्या छपाईत निघाली तेव्हा त्यांच्यावर हिरवट छटा आली, आणि संग्राहक ती स्वतंत्र प्रकार म्हणून जमवतात. ती छटा कार्डभर सारखी असते, कडेपर्यंत. उन्हाची खूण अशी सारखी नसते.

आता दुसरा गुन्हेगार, चिकट पदार्थ. मला या विषयावर जास्त बोलायचंय, कारण उन्हाची गोष्ट लोकांना पटते, पण चिकटवल्याने समोरचा रंग बदलतो हे पटत नाही. गोंद तर मागे लावला होता, असं म्हणतात. पण कार्ड म्हणजे दाबलेला तंतूंचा लगदा आहे, आणि ओलं झालं की ओल आरपार जाते. जाताना ती कागदातली आम्लं आणि विरघळणारे पिवळे पदार्थ सोबत नेते, आणि जिथे वाळते तिथे कडेला सोडते. तुमच्या दोन कार्डांवरच्या तपकिरी कडा म्हणजे बहुधा हीच ओलीची सीमारेषा. अल्बमची पानं स्वस्त लगद्याची असतात, त्यात लिग्निन हा लाकडातला पदार्थ असतो. तो म्हातारा होताना आम्ल सोडतो, त्यामुळे हे डाग शंभर वर्षांत गडदच होत जातात.

चिकटवायला काय वापरलं होतं यावर बरंच अवलंबून आहे. त्या काळी घराघरांत पिठाची खळ, बाटलीतला डिंक किंवा जनावरांच्या हाडाकातड्याचा सरस असे. पुढे आला रबर सिमेंट, आणि १९३०नंतर पारदर्शक चिकटपट्टी. खळ सगळ्यांत सौम्य, पण तिला कसर लागते. किडा खळीसाठी येतो आणि कागदही कुरतडतो. डिंक आणि सरस वाळून आकसतात, कार्ड वाकवतात. कोपऱ्यावर त्यांचा चकचकीत, तडकलेला पापुद्रा दिसतो आणि तो सुटताना शाई घेऊन सुटतो. रबर सिमेंट आणि चिकटपट्टी यांच्यातला चिकट भाग तेलकट होऊन कागदात झिरपतो आणि तपकिरी, अर्धपारदर्शक डाग करतो. हे डाग पाण्याने निघत नाहीत, ध्यानात ठेवा.

आणि आता तुमचा पिवळट झालेला हिरवा. त्या काळच्या लिथोग्राफीत प्रशियन निळा सर्रास वापरला जाई. तो आम्लात टिकतो, पण क्षारात मोडतो. त्यातलं लोह सुटतं आणि निळ्याच्या जागी फिका तपकिरी-पिवळा उरतो. अल्ट्रामरीन नावाचा दुसरा निळा याच्या बरोब्बर उलटा, तो क्षारात टिकतो आणि आम्लात पांढरा पडतो. काही जुने चिकट पदार्थ, उदाहरणार्थ सोडियम सिलिकेट म्हणजे वॉटर ग्लास, चांगलेच क्षारयुक्त असतात. असा पदार्थ ओला असताना आरपार गेला, किंवा एका कार्डावरून ओघळून समोरच्या पानावरच्या कार्डाला लागला, की हिरव्यातला निळा डागाडागाने जातो. तुमचं कार्ड तुम्ही लिहिलंय तसंच, डागाडागाने पिवळट आहे. बोटाच्या ठशाएवढे, वेड्यावाकड्या कडेचे डाग, आणि त्याच जागी मागच्या बाजूला कागद किंचित कडक. असं असेल तर मी चिकट पदार्थाकडेच बोट दाखवीन. स्वस्तातला अतिनील टॉर्च अंधाऱ्या खोलीत क्षणभर त्यावर धरा. सरसाचे आणि काही इतर चिकट पदार्थांचे डाग कोऱ्या कागदापेक्षा वेगळे चमकतात, आणि साध्या उजेडात न दिसलेला ओघळही दिसून येतो.

त्या टॉर्चचा आणखी एक उपयोग आहे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून कागदात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. १९१०चं म्हणवणारं कार्ड टॉर्चखाली निळं-पांढरं लखलखलं तर ते नंतरच्या कागदावर छापलेली नक्कल आहे. मात्र टॉर्चचा झोत सेकंदांपुरताच ठेवा, कारण जो प्रकाश आपण टाळतोय तोच तो आहे.

मग चिकटवलेली कार्डं काढायची का? मी घाई करणार नाही. ज्या माणसाच्या यादीमुळे या कार्डांना टी२०६ हे नाव मिळालं, तो जेफरसन बर्डिक न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसचा, विजेच्या वस्तूंच्या कारखान्यात काम करणारा. त्याने तीन लाखांहून अधिक छापील कार्डं आणि तुकडे जमवले, त्यात तीस हजारांहून जास्त बेसबॉलची कार्डं होती, आणि सगळं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिलं. संधिवाताने बोटं वाकडी झालेली असताना तो तिथे जाऊन एकेक कार्ड अल्बमच्या पानांवर स्वतः चिकटवत बसे. १९६३च्या जानेवारीत काम संपवलं आणि मार्चमध्ये तो गेला. होनस वॅगनर या खेळाडूचं टी२०६मधलं ते जगप्रसिद्ध, दुर्मीळ कार्डही त्या संग्रहात आहे. आज कुणीही संवर्धक चिकटवायला सांगणार नाही. पण ज्या माणसाने कार्डं एका जागी, क्रमाने, उजेडापासून दूर बंद अल्बममध्ये ठेवली, त्याने त्यांचे रंग वाचवले ही गोष्टही तितकीच खरी. तुमच्या अल्बममधली डागाळलेली कार्डं सोडली तर बाकीच्यांचे रंग फ्रेमवाल्यांपेक्षा ताजे असतील बघा.

काढण्याच्या बाजूने एकच मोठा मुद्दा आहे, तो मागच्या बाजूचा. टी२०६च्या मागे पिडमाँट, स्वीट कॅपोरल, ओल्ड मिल असे वेगवेगळे ब्रँड आहेत. पिडमाँट आणि स्वीट कॅपोरल भरपूर सापडतात, काही मात्र फार थोडी. त्यामुळे एकाच खेळाडूच्या दोन कार्डांची किंमत पाठीवरून बदलते, आणि तुमच्या सगळ्या पाठी पानाला चिकटलेल्या आहेत. शिवाय ज्या कार्डाच्या मागचा चिकट पदार्थ अजून नुकसान करतोय, ते काढलेलंच बरं.

जुन्या संग्राहकांत पाण्यात भिजवणं सर्रास चालतं आणि नुसत्या पाण्याने काढलेल्या कार्डाला बहुतेक जण फेरफार मानत नाहीत. लिथोग्राफीच्या शाया तेलावर बांधलेल्या असतात, म्हणून त्या साध्या पाण्याने सहसा हलत नाहीत. तरीही तुम्ही आधी सगळ्यांत साधं, आधीच खराब झालेलं कार्ड निवडा. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. पानावरून कार्ड ओढू नका. कार्डाभोवती बोटभर जागा ठेवून पानच कापा आणि तो तुकडा खोलीच्या तापमानाच्या डिस्टिल्ड पाण्यात, पसरट काचेच्या भांड्यात ठेवा. नळाचं पाणी नको, त्यात क्षार आणि क्लोरीन असतं. गरम पाणी तर मुळीच नको. खळ आणि डिंक फुगून सुटायला कधी अर्धा तास लागतो, कधी जास्त. पान आपण होऊन घसरलं पाहिजे. अडलं तर पाणी बदला आणि थांबा. बोटाने किंवा ब्रशने समोरची बाजू पुसायचा मोह होतो, तो टाळा, ओल्या कार्डाचा पृष्ठभाग साध्या घर्षणाने उचलला जातो. सुटल्यावर मागचा बुळबुळीत थर पाण्यातच हलके निघू द्या. मग कार्ड दोन कोऱ्या टिपकागदांच्या मध्ये, वर सपाट वजन ठेवून वाळवा, आणि पहिल्या दिवशी टिपकागद दोन-तीनदा बदला.

हे सगळं फक्त सिगारेटच्या कार्डांपुरतं. ज्या कार्डावर कुणाची शाईने सही आहे, त्याला पाण्याजवळ नेऊ नका. चकचकीत लेप असलेली टॉप्सची कार्डंही नकोत. १८८०च्या दशकातली तपकिरी फोटो असलेली कार्डं अल्बममध्ये निघाली तर तीही बाजूला ठेवा. ते पुठ्ठ्यावर चिकटवलेले खरे फोटो असतात, पाण्यात फोटो आणि पुठ्ठा वेगळे होतात. रबर सिमेंट किंवा चिकटपट्टीचे डाग दिसले तर थांबा आणि कागदाच्या संवर्धकाकडे जा. तुमच्यापासून फिलाडेल्फिया लांब नाही. तिथे कला आणि ऐतिहासिक वस्तूंच्या संवर्धनाचं मोठं केंद्र आहे, कागदाचं काम हेच त्यांचं मुख्य काम. अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कॉन्झर्व्हेशन या संस्थेकडूनही जवळच्या संवर्धकांची नावं मिळतात. अनमोल वाटणाऱ्या एकदोन कार्डांसाठी तो खर्च सार्थकी लागतो. साध्या कार्डांसाठी मात्र कार्डाच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त होईल, हेही सांगून ठेवते.

उडालेला रंग परत आणता येतो का? नाही. रेणू तुटलेला आहे, तो कुठल्याही द्रवाने जोडला जात नाही. रंग उजळवतो म्हणून जे विकलं जातं ते एकतर वरचा मळ काढतं किंवा चमक चढवतं, आणि चमक चढवलेलं कार्ड ग्रेडिंगवाले, म्हणजे कार्ड तपासून त्याच्या अवस्थेला आकडा देणारे, ओळखतात. रंगीत पेन्सिलने किंवा जलरंगाने हिरवा भरण्याचा विचार तर मनातून काढून टाका. बदल केलेल्या कार्डाला ग्रेडिंग कंपन्या आकडा न देता फक्त 'अस्सल', 'बदललेलं' असा शेरा देतात, आणि तो शेरा कार्डाला जन्मभर चिकटतो. निळं कार्ड निळंच राहू द्या. आता त्याला आणखी निळं होऊ देऊ नका.

विकण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते कार्ड 'पिवळा ठसा नसलेलं' म्हणून विकणं ही फसवणूक ठरेल, आणि मुलाच्या देखत तर ते होताच कामा नये. या छंदात अशा गोष्टी उशिरा का होईना बाहेर येतात. वॅगनरच्या सर्वांत प्रसिद्ध कार्डाच्या, आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकीने भागीदारीत १९९१मध्ये ४,५१,००० डॉलरला घेतलेल्या कार्डाच्या कडा कापलेल्या असल्याचं लिलाववाले बिल मास्ट्रो यांनी वर्षानुवर्षं दडवलं. शेवटी २०१३मध्ये न्यायालयात त्यांना ते कबूल करावं लागलं. विकायचंच असेल तर वर्णनात सरळ लिहा: उन्हाने पिवळा उडालेला, खिडकीसमोर फ्रेममध्ये होतं. चिकटवलेल्यांसाठी लिहा: मागे खळीचे अवशेष, पाण्याने काढलेलं. किंमत कमी येईल, पण टी२०६चं खराब कार्डही टी२०६च असतं आणि त्याला घेणारे आहेत. रंग उडालेली कार्डं मुद्दाम स्वस्तात जमवून संच पुरा करणारे कितीतरी लोक आहेत. माझा सल्ला विचाराल तर अल्बम आत्ता मोडू नका. आजोबांना फोन करून विचारा, हा कुणाचा होता, कुणी चिकटवला, कशाने चिकटवला. त्यांना आठवत असेल तर ते आजच लिहून ठेवा, कारण चिकटवायला काय वापरलं हे कळलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

ठेवण्याबद्दल थोडक्यात सांगते. फ्रेम भिंतीवरून उतरवा. कार्डं पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटांत ठेवा. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटं नकोत, त्यांतून तेलकट पदार्थ सुटतो. आपल्या लग्नाच्या अल्बमना असायची तशी चिकट पानांवर प्लास्टिक दाबायची 'मॅग्नेटिक' पानं तर अजिबात नकोत. अल्बमच्या पानांमध्ये आम्लरहित पातळ कागद घाला, म्हणजे एका कार्डाचा चिकटपणा समोरच्याला लागणार नाही. तळघरात ठेवू नका. न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात तिथे दमटपणा साठतो आणि खळीला तोच नको असतो. माळ्यावरही नको, तिथे उष्णता. घरातल्या आतल्या कपाटात, जिथे तुम्ही स्वतः बारा महिने आरामात राहाल अशा हवेत ठेवा. भिंतीवर काहीतरी हवंच असेल तर कार्डाची चांगली रंगीत प्रत काढून ती फ्रेम करा.

मुलाला हे सगळं नुसतं ऐकून पटायचं नाही, तेरा-चौदा वर्षांच्या कुणालाच पटत नाही. त्याला १९८९-९०च्या सुमाराची साधी कार्डं घेऊन द्या. तेव्हा ती इतकी छापली की आज कवडीमोलाने मिळतात. एकाच खेळाडूचं कार्ड दोनदा मिळालं तर उत्तम. एक वहीत बंद ठेवायचं. दुसऱ्याच्या डाव्या अर्ध्यावर काळा जाड कागद क्लिपने घट्ट लावून ते दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवायचं. एका कोपऱ्याच्या मागे मैद्याची खळ आणि दुसऱ्या कोपऱ्याच्या मागे खाण्याचा सोडा कालवलेलं पाणी लावून पाहिलं तरी चालेल. दर महिन्याला कागद बाजूला करून त्याच उजेडात फोटो काढायचा आणि तारीख लिहायची. शाळा सुटल्यावर जूनमध्ये सुरू केलं तर सप्टेंबरपर्यंत काळ्या कागदाच्या कडेला रेघ दिसायला लागेल. कोणता रंग आधी गेला हे त्याने मला कळवावं, मी वाट पाहीन.